फी माफ, पण कोणत्या दाराने?

आमच्या सारसोळे गावातल्या शेजारच्या वहिनी परवा कॉलेजांची माहितीपत्रकं घेऊन आल्या. लेकीला इंजिनीअरिंगला घालायचंय. म्हणाल्या, ‘‘ताई, मुलींची फी माफ झालीय ना? मग कुठंही घेऊ की प्रवेश!’’

मैत्रिणींनो, गोम तिथंच आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ही सवलत निम्मीच होती. पण प्रवेश सरकारी ‘कॅप’ फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतला, की सवलत गेली! खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळली आहेत. इमारत कितीही चकचकीत असो.

म्हणजे एकाच शहरात, एकाच पदवीसाठी एका मुलीची फी शून्य आणि दुसरीच्या बापाच्या डोक्यावर कर्ज. फरक फक्त प्रवेशाच्या दाराचा. आणि कर्जाचा विषय निघाला, की ‘पोरीच्या जातीला एवढं कशाला?’ हे ठरलेलंच. पैसा भावासाठी राखला जातो.

गावाकडून लेकीला शहरात धाडणाऱ्या आयांनो, हॉस्टेल-मेसचा खर्च या माफीत धरू नका, तो वेगळा मोजा. उत्पन्नाचा, जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. आणि कॉलेजात पहिला प्रश्न हाच विचारा : ‘‘ही जागा कॅपची आहे का?’’

वहिनींनी अर्धी माहितीपत्रकं माझ्याकडेच ठेवली. रद्दीत घालायला!