मुलांना रॉक कॉन्सर्टला नेताय? तिकिटाइतकाच कानांचा विचार का करायचा?

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचे भारतात पाच शो झाले. १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन, तर २५ आणि २६ तारखेला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये दोन. तिकिटांसाठीची झुंबड, ऑनलाइन रांगा आणि काळाबाजार यावर भरपूर चर्चा झाली. त्या तुलनेत एका नोटिशीकडे कमी लक्ष गेलं.

अहमदाबादच्या शोआधी तिथल्या जिल्हा बाल संरक्षण विभागाने ही नोटीस काढली होती. मुलांना मंचावर आणू नका आणि इअरप्लग किंवा कानाचं संरक्षण करणारं साधन नसेल, तर त्यांना कार्यक्रमात येऊ देऊ नका, असा तिचा आशय होता. १२० डेसिबलच्या पुढचा आवाज मुलांच्या कानांना घातक असल्याचं कारण त्यात दिलं होतं.

नोटीस फक्त एका कार्यक्रमापुरती होती. पण लेकरांना घेऊन कॉन्सर्टला जाणाऱ्या प्रत्येक पालकाला लागू होणारा प्रश्न त्यातून पुढे आला. इतका मोठा आवाज मुलांच्या कानांना झेपतो का? आणि त्याची काळजी घेणं नेमकं कोणाचं काम आहे?

आई-बाबा मुलांना घेऊन का जातायत?

नव्वदच्या दशकात कॅसेट आणि म्युझिक चॅनलवर रॉक ऐकत मोठी झालेली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत हे बँड भारतात येणं ही दुर्मीळ गोष्ट होती. १९८७ मध्ये पहिला अल्बम काढणारा गन्स अँड रोझेस भारतात पहिल्यांदा आला तो थेट २०१२ मध्ये. यू-टूचा भारतातला पहिला शो १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईत झाला. १७ मे २०२५ रोजी गन्स अँड रोझेस मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर पुन्हा वाजला.

म्हणजे ज्यांना हे बँड विशीत बघायचे होते, त्यांना ते बघायला मिळतायत तेव्हा घरात शाळेत जाणारं मूल आहे. आपल्याला आवडणारं गाणं मुलासोबत प्रत्यक्ष ऐकण्याची हौस त्यात आहेच. शिवाय हे कलाकार आता साठीच्या आसपास किंवा त्यापुढचे आहेत, 'पुन्हा येतील की नाही' अशी धाकधूकही आहे.

खर्चही छोटा नाही. कोल्डप्लेच्या मुंबईतल्या शोची तिकिटं अडीच हजारांपासून ३५ हजार रुपयांपर्यंत होती. त्यावर प्रवास, हॉटेल, खाणं आलं. या यादीत मुलाच्या कानांसाठीचं साधन मात्र बहुतेकदा नसतं.

आवाज किती असतो आणि किती चालतो?

साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. मोठ्या रॉक कॉन्सर्टमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, स्पीकरजवळ त्याहून जास्त. ६० आणि १०० हे आकडे जवळचे वाटतात, पण डेसिबलचं गणित वेगळं आहे. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते.

अमेरिकेतली 'नायॉश' ही संस्था कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करते. तिच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालू शकतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. शो मात्र दोन तासांचा असतो.

हे आकडे रोज गोंगाटात काम करणाऱ्या प्रौढांसाठी आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. मुलांसाठीची मर्यादा आणखी कमी आहे. मोबाइल आणि हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जे मानक ठरवलंय, त्यात आठवड्याला ४० तासांसाठी मोठ्यांना ८० डेसिबल आणि मुलांना ७५ डेसिबल अशी पातळी दिली आहे.

एका शोने मूल बहिरं होतं का?

सहसा नाही. पण शोनंतर कानात 'कुंई' असा आवाज येणं, समोरच्याचं बोलणं दबल्यासारखं ऐकू येणं, हे कानावर ताण पडल्याचं लक्षण असतं. बहुतेक वेळा ते काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जातं.

आतल्या कानात प्रत्येक बाजूला साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचं रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात करणं हे त्यांचं काम. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. कॉन्सर्ट, विसर्जन मिरवणुकीतला डीजे, फटाके, कानात तासन्‌तास असलेले इअरफोन, या सगळ्यांचा परिणाम एकाच खात्यात जमा होत जातो. आठ वर्षांच्या मुलाला याच पेशींवर पुढची साठ-सत्तर वर्षं काढायची असतात.

कलाकारांना हे अनुभवाने माहीत आहे. कानात सतत आवाज येत राहण्याचा टिनिटस हा त्रास आपल्याला आहे, हे ख्रिस मार्टिनने जाहीरपणे सांगितलंय. २०१२ मध्ये तो याविषयीच्या ब्रिटनमधल्या जनजागृती मोहिमेत सामील झाला होता. त्याआधी २००५ मध्ये लंडनच्या 'लाइव्ह एट' कार्यक्रमात त्याच्या वर्षभराच्या मुलीच्या कानांवर मोठे इअरमफ होते. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये दौरा अर्धवट सोडावा लागला, कारण पूर्ण बहिरेपणाचा धोका असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्याकडे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला, तर त्या जागेच्या सीमेवरचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये.

इथे 'सीमेवर' हा शब्द महत्त्वाचा आहे. नियम बघतो तो मैदानाच्या कडेला किती आवाज येतो ते. म्हणजे शेजारच्या इमारतीत राहणाऱ्याला संरक्षण आहे. आत, प्रेक्षक जिथे उभे असतात तिथे आवाज किती असावा, याची मर्यादा या नियमांत नाही.

मग तिकिटावरची वयाची अट? ती आयोजक ठरवतात आणि ती प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी असते. उभं राहण्याच्या भागासाठी ती बहुतेकदा जास्त कडक असते, कारण तिथे चेंगराचेंगरीची भीती असते. मूल त्या अटीत बसतं, म्हणजे तिथला आवाज त्याच्यासाठी सुरक्षित आहे, असं नाही.

इतर देशांत काय आहे?

फ्रान्समध्ये २०१७ च्या नियमांनुसार प्रेक्षकांपर्यंत पोहोचणारा आवाज १५ मिनिटांच्या सरासरीने १०२ डेसिबलपेक्षा जास्त नको. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमांत ही मर्यादा ९४ आहे. कानांसाठीची साधनं मोफत देणंही बंधनकारक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जागतिक मानक जाहीर केलं. त्यात सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा, आवाजाची सतत मोजणी, प्रेक्षकांना कानांची साधनं आणि कानाला विश्रांती देणारी शांत जागा या गोष्टी आहेत. मानक ऐच्छिक आहे. सरकारने स्वीकारलं, तरच ते आयोजकांना बांधील ठरतं.

तोपर्यंत पालकांनी काय करायचं?

• इअरमफ घ्या. लहान मुलांच्या कानात फोमचे इअरप्लग नीट बसत नाहीत आणि ते तोंडात जाण्याचाही धोका असतो. डोक्यावरून बसणारे, मुलांच्या मापाचे इअरमफ जास्त भरवशाचे. ते नीट बसले, तर १०० डेसिबलचा आवाज ८० च्या आसपास येऊ शकतो.

• कापसावर विसंबू नका. कापसाच्या बोळ्याने फारसा फरक पडत नाही. विमानात वापरतात ते नॉइज कॅन्सलिंग हेडफोनही कॉन्सर्टसाठीचं संरक्षण नाही.

• घरी सवय करा. आधी आठवडाभर रोज थोडा वेळ इअरमफ घालायला द्या. नाहीतर पहिल्याच गाण्याला मूल ते काढून टाकेल.

• बसायची जागा निवडा. स्टेजजवळची, स्पीकरसमोरची जागा टाळा. मोठ्या मैदानात मध्येही स्पीकरचे मनोरे असतात, त्यांच्यापासूनही लांब राहा.

• मध्ये बाहेर पडा. दोन-तीन गाणी सोडून मागच्या बाजूला जाऊन आलात, तर कानाला विश्रांती मिळते.

• नंतर लक्ष ठेवा. दोन दिवसांनंतरही मूल कानात आवाज येतो म्हणत असेल किंवा त्याला कमी ऐकू येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

अगदी तान्ह्या बाळाला नेणं टाळलेलंच बरं. त्याला त्रास होतोय हे त्याला सांगता येत नाही आणि तो शो त्याला आठवणारही नाही.

अहमदाबादच्या नोटिशीने एका शोपुरती जबाबदारी आयोजकांवर टाकली. पुढच्या शोसाठी तशीच नोटीस निघेल याची खात्री नाही. त्यामुळे तिकीट काढण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारता येतील. आत आवाजाची मर्यादा किती ठेवली आहे? गेटवर इअरप्लग मिळतील का? शांत जागा आहे का? उत्तर आलं नाही, तरी इअरमफ बॅगेत टाकून निघणं पालकांच्या हातात आहेच.