वरचा बिंदू कोणत्या सप्तकाचा?

घरात गाण्यांचे एखादे जुने पुस्तक असेल तर उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'चाल' असे छापून पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे पहिले शब्द दिलेले आढळतील. याची चाल हवी असेल तर त्या गाण्याकडे जा, असा त्याचा अर्थ. छापणाऱ्याचे काम एका ओळीत भागले. पण ते दुसरे गाणे आज कोणालाच येत नसेल तर? मग शब्द उरतात आणि चाल जाते.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, ही अडचण केवळ पुस्तकातली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी नगरला राहून ख्रिस्ती उपासनेसाठी देशी वळणाची भजने रचली. ती आजही गायिली जातात. निदान त्यांचे शब्द तरी छापलेले आहेत. जात्यावरच्या ओव्या, भारुडे, गावोगावच्या भजनी मंडळांच्या चाली यांतल्या पुष्कळ तर कोठेच लिहिलेल्या नाहीत. ज्या आजींना त्या येतात त्या थकत चालल्या आहेत.

आता पुष्कळ शाळांत संगणक आला आहे. म्यूझस्कोअर, लिलिपाँड यांसारखे स्वरलेखनाचे प्रोग्रॅम फुकट मिळतात. लिहिलेले स्वर संगणक वाजवूनही दाखवतो. तरी चाली लिहिल्या जात नाहीत, त्या का? माझे मत असे, की आपण प्रोग्रॅमला घाबरत नाही. आपण त्याची माहितीपुस्तिका वाचत नाही, आणि वाचायला बसलो तर आपल्या प्रश्नाला तिथे काय म्हणतात हे आपल्याला ठाऊक नसते.

पहिल्या चुकीचा अनुभव मी शाळकरी वयातच घेतला. भातखंडे पद्धतीवर पेटी शिकत होतो. एकदा एक जुने पुस्तक हाती आले आणि त्यातले गीत मी घाईने वाजवू लागलो. सूर भलतीकडेच उड्या मारू लागले. पुस्तक पलुसकर पद्धतीचे होते! पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू असला की तो तार सप्तकातला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तक दाखवतो. 'म' वर उभी रेघ दिली तर भातखंड्यांचा तो तीव्र मध्यम, आणि पलुसकरांचा तार सप्तकातला मध्यम. तालातही तीच गंमत: भातखंड्यांची फुली समेवर, तर पलुसकरांचे अधिक चिन्ह खालीवर. दोघेही थोर आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. चिन्हांचा खुलासा पुस्तकाच्या आरंभीच छापलेला होता. मीच ती पाने उलटून पुढे गेलो होतो.

संगणकाच्या प्रोग्रॅमचीही हीच गोष्ट. नवे पान उघडले की तो आपल्यापुढे पाच रेघा आणि चार मात्रांचे घर मांडतो. त्याला युरोपीय स्वरलेखन येते. आपला ताल त्याच्या स्वप्नातही नाही. तुम्ही पुस्तिकेत 'रूपक' शोधलात तर काही मिळणार नाही. तिथे 'टाइम सिग्नेचर' हे प्रकरण काढावे लागते. मग सात मात्रांचे घर करता येते, आणि त्याचे ३, २, २ असे तुकडेही पाडता येतात. झपतालाला १० मात्रा आणि २, ३, २, ३ असे खंड.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो मुखड्याचा. समजा, भजन केरव्यात आहे आणि आठ मात्रांचे एक घर केले आहे. गाणारा पाचव्या मात्रेवरून उचलतो आणि सम त्यानंतर येते. तुम्ही मात्र पहिला शब्द पहिल्या घराच्या आरंभी लिहिलात. झाले! आता प्रत्येक सम घराच्या मध्यावर पडणार आणि सगळे गाणे चार मात्रांनी सरकणार. यावरचा उपाय पुस्तिकेत आहे. म्यूझस्कोअरमध्ये तो 'पिकअप मेझर' या नावाखाली सापडतो, लिलिपाँडमध्ये 'पार्शल' या आज्ञेखाली. समेआधीचे अपुरे घर, एवढाच त्याचा अर्थ. नाव माहीत नसलेला मुलगा दिवसभर शोधत बसेल. माहीत असलेल्याला पाच मिनिटे पुरतात.

'सा' चेही तसेच आहे. आपला सा कुठेही धरता येतो. पाच रेघांवरचा प्रत्येक स्वर मात्र ठरलेल्या पट्टीतला असतो. आजी काळी चारमध्ये गात असल्या तरी तुम्ही सा पांढरी एकवर धरून लिहा; नंतर 'ट्रान्सपोझ' या सोयीने सारे गाणे एकदम त्यांच्या पट्टीत नेता येते. कणस्वराला 'ग्रेस नोट' शोधा. मींडेसाठी 'ग्लिसांडो' जवळचा, पण जवळचाच. ती रेघ मिंडेचा डौल सांगत नाही. म्हणून लिहिलेल्या पानाबरोबर गाण्याचे ध्वनिमुद्रणही जपून ठेवावे.

असे पाच-पन्नास शब्द आहेत. त्यांची मराठी यादी संगीताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र बसून करावी, ही माझी सूचना. संगीत शिक्षकांना मुखडा कळतो, विज्ञान शिक्षकांना संगणक. दोघे एका बाकावर बसले तर महिन्याभराचे काम आहे. इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. भातखंड्यांनी आपली क्रमिक पुस्तके मूळ मराठीतच लिहिली; त्यांना कोणी आयती पुस्तिका दिली नव्हती.

तुम्ही विद्यार्थी आरंभ आजच करू शकता, पण अख्खे भारूड घेऊ नका. एका ओवीची पहिली ओळ घ्या, दोनच आवर्तने लिहा आणि संगणकाला वाजवू द्या. चूक झाली तर ती दोन आवर्तनांतच शोधायची आहे. कोणाला विचारायचे झाले तरी त्याच्यापुढे एवढेच ठेवता येईल. वाजवताना आजींना शेजारी बसवा. कोणता स्वर चुकला हे त्या नावाने सांगणार नाहीत, पण तिथे आल्या की मान हलवतील.