नुसतं ‘मम’
सत्यनारायणाच्या पूजेत यजमान गुरुजींमागून ‘मम’ म्हणतो. आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्येही तेच, फक्त शिऱ्याऐवजी मारी बिस्किट. २७ जानेवारी १९८६च्या रात्री अमेरिकेत रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतला रॉजर बोजोले आणि त्याचे सहकारी इंजिनिअर मात्र ‘मम’ म्हणेनात. कडाक्याच्या थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग ताठरते, ‘चॅलेंजर’ अंतराळयान उद्या उडवू नका, असं ते फोनवरून परोपरीनं सांगत होते. नासाची नाराजी दिसताच त्यांच्याच कंपनीच्या वरिष्ठांनी त्यांना बाजूला सारून होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३व्या सेकंदाला यान फुटलं; सातही अंतराळवीर गेले. परवाच्या मीटिंगमध्ये आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलीनं चाचरत विचारलं, “सर, हे चुकलं तर?” सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले. मीसुद्धा.