आजीला चढता येईल ती बोट

उन्हाळा आला की मिनेसोटातल्या मराठी घरांत पाँटूनचा विषय निघतोच. मुलं मागे लागलेली असतात, भारतातून आई-बाबा आलेले असतात आणि शोरूमवाला गुबगुबीत सोफे नि रंगीत दिवे दाखवत असतो. सोफे नंतर बघा. आधी खाली वाकून नळ्या बघा.

पाँटून म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन किंवा तीन पोकळ नळ्यांवर ठेवलेला ओटा. 1950 नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत याच राज्यातल्या रिचमंड गावच्या अँब्रोज वीअर्स यांनी लोखंडी पिंपांवर फळ्या ठोकून अशी बोट केली आणि पुढे त्याचा धंदा उभा राहिला. मूळचा हा तराफाच. त्याच्याकडून गाडीचा वेग मागू लागलं की खर्च वाढतो.

तळं छोटं असेल आणि डबे उघडून निवांत दुपार काढायची असेल, तर दोन नळ्या पुष्कळ झाल्या. साठ ते नव्वद हॉर्सपॉवरचं इंजिन त्याला पुरतं. मुलांना ट्यूबवर बसवून मागे ओढायचं असेल किंवा मिनेटोंकासारख्या मोठ्या, गजबजलेल्या तळ्यावर इतरांच्या बोटींच्या लाटा खायच्या असतील, तर तिसरी नळी घ्या. मात्र तिच्यामागोमाग मोठं इंजिन येतं, जड ट्रेलर येतो आणि तो ओढणं घरच्या सेडानचं काम नव्हे.

बोटीवरच्या पाटीवर किती माणसं ते लिहिलेलं असतं, तसंच किती वजन तेही. आपण फक्त माणसं मोजतो, त्यातही पोरांना अर्धं धरतो. एसटीतलं अर्धं तिकीट पाण्याला कळत नाही. बर्फाची पेटी आणि पावभाजीचं पातेलं त्याच हिशेबात येतं.

एकदा आम्ही दहा जण भाड्याच्या बोटीत होतो. सूर्यास्ताच्या फोटोसाठी सगळे पुढच्या कठड्याशी गोळा झालो आणि चालवणाऱ्याने नेमका तेव्हाच वेग एकदम कमी केला. नाक खाली गेलं, पाणी ओट्यावर चढलं, पाय भिजले, भेळेचा डबा वाहून गेला. भेळेवरच निभावलं. किल्ली देणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून मी सांगतो: बोट चालू असताना वजन सगळीकडे सारखं ठेवा. पुढच्या दाराबाहेर पाय सोडून तर कुणालाच बसू देऊ नका. तिथून पडलेलं मूल थेट बोटीखाली जातं आणि मागे पंखा फिरत असतो.

मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांना चालू बोटीत लाइफ जॅकेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. अकरा वर्षांच्या मुलाला आणि पोहता न येणाऱ्या आजोबांना ते तुम्ही घाला, मापाचं बघून. (बाथरूमचीही चौकशी करा. तीन तास हा ज्येष्ठांसाठी फार मोठा काळ असतो.)

विकत घेण्याची घाई नको. इथली तळी हिवाळाभर गोठलेली असतात आणि तेवढे महिने बोट झाकून ठेवण्याचा खर्च तुमचाच. पहिले दोन उन्हाळे भाड्याने घ्या, एकदा दोन नळ्यांची, एकदा तीन. आणि पैसे भरण्याआधी आजीला धक्क्यावरून एकदा चढायला-उतरायला सांगा. तिला जमलं नाही, तर दुसरी बोट बघा.