वेड म्हणावें कीं श्रद्धा?

गेल्या मार्गशीर्षांत केंदूर गांवीं एका घरीं खंडोबाचें जागरण झालें. दिमडी वाजूं लागली, भंडारा उधळला गेला आणि घरांतील वृद्ध आजीबाईंच्या अंगांत आलें. पुढें दोनतीन दिवसांनीं, तें जागरण पाहावयास गेलेला आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी पटांगणांत केस विस्कटून व डोळे फिरवून त्या बाईंची नक्कल करीत होता. "म्हातारीला येरवड्यास पोंचवा रे!" असें तो ओरडला आणि सभोंवतालचीं मुलें पोट धरून हंसलीं. त्या घोळक्यांत आजीबाईंचा नातू उभा होता. तो हंसला नाहीं. पुढें दोन दिवस तो शाळेंतहि आला नाहीं. नक्कल करणारा मुलगा ख्रिस्ती घरांतला, शीलवान, प्रार्थनेस कधीं न चुकणारा. त्यास विचारतां तो म्हणाला कीं, खोट्या देवांच्या नादीं लागणारांचें डोकें असेंच फिरावयाचें. आम्ही त्या वेळीं उगाच राहिलों, तें बरें केलें नाहीं. म्हणून आज लिहीत आहों.

त्या मुलाच्या बोलण्यांत दोन निरनिराळ्या गोष्टींचा गुंता झाला आहे. खंडोबा खरा देव कीं नाहीं हा धर्माचा प्रश्न आहे. त्याचा वाद ज्यास हौस असेल त्यानें खुशाल करावा. आजीबाई आजारी आहेत कीं नाहींत हा वैद्यकाचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर त्यांची प्रकृति पाहून द्यावयाचें, त्यांचें दैवत पाहून नव्हे. पहिल्या वादांत जिंकावें म्हणून दुसऱ्याचें उत्तर आधींच ठरवून टाकणें हा आळशी माणसाचा युक्तिवाद होय.

आणि हाच युक्तिवाद प्रथम ख्रिस्ती लोकांवरच चालविला गेला होता, हें ख्रिस्ती विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. प्रभु येशूस भान राहिलें नाहीं असें समजून त्याचे आप्त त्यास धरावयास निघाले होते, ही गोष्ट मार्काच्या शुभवर्तमानांतच आहे. पौलास भर न्यायसभेंत वेडा ठरविणारा फेस्त हा रोमन सुभेदार होता. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी नांवाच्या दुसऱ्या एका सुभेदारानें ट्राजन बादशहास पत्र लिहिलें, त्यांतहि ख्रिस्ती मताचा उल्लेख वेडेपणा म्हणूनच आहे. पुढें चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालें, थिओडोसिअस बादशहानें जुन्या देवळांतील यज्ञबळी बंद केले, आणि मग जुन्या देवतांचे भक्त भुतांच्या पकडींत सांपडलेले ठरले. माणसें तींच, शिव्यांची दिशा तेवढी फिरली!

रोमपर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. भीमा ओलांडून दौंड तालुक्यांत गेलें कीं केडगांव लागतें. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. दुष्काळांत अनाथ झालेल्या मुलींस व विधवांस रमाबाईंनीं तेथें आसरा दिला, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या सदनांत १९०५ सालच्या जून महिन्यांत मोठी धर्मजागृति झाली. प्रार्थना करतां करतां मुली हंबरडा फोडून रडूं लागल्या. कोणी थरथर कांपत भुईवर पडल्या. कोणी म्हणूं लागल्या कीं, आमच्या आंत अग्नि पेटला आहे. पुढें कांहीं मुली कोणास न कळणाऱ्या भाषांतून प्रार्थना करूं लागल्या. हा निव्वळ उन्माद आहे असें म्हणणारे लोक लगेच निघाले, आणि त्यांत ख्रिस्ती मंडळीहि होती. रमाबाईंनीं आपल्या नियतकालिकांतून त्यांस उत्तर दिलें. त्याचा आशय असा कीं, इंग्रजी व अमेरिकन शिष्टाचाराच्या मापास जें उतरत नाहीं तें सारें सैतानाकडून आलें असें कां समजावें? आमच्या लोकांनीं आमच्याच रीतीनें देवापुढें रडूं हंसूं नये काय?

आतां केडगांवच्या त्या मुली आणि केंदूरच्या आजीबाई मनांत शेजारीं शेजारीं उभ्या करून पाहा. थरथर तीच, घाम तोच, आसवें तींच. दोहोंचा उगम एकच, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एकीकडे आत्म्याचें काम आणि दुसरीकडे येरवडा, अशी वांटणी नुसत्या डोळ्यांनीं कोणी केली, तर ती तपासणी नव्हे, पक्षपात होय.

हिंदु पालकांनींहि हें वाचून फार खूष होऊं नये. तेराव्या शतकांत ऋद्धिपुरीं राहणारे गुंडम राऊळ, ज्यांस महानुभाव लोक ईश्वरावतार मानतात, त्यांचें वागणें असें विलक्षण होतें कीं गांवकरी त्यांस वेडे म्हणत. आणि अडचण आली म्हणजे हेच गांवकरी त्यांस आईबाप म्हणून हांक मारीत. आपल्या गांवच्या विक्षिप्त माणसास आपण यांपैकीं कोणत्या नांवानें हांक मारतों, तें ज्यानें त्यानें पाहावें.

उलट बाजूचा दोषहि लहान नाहीं. खरोखर आजारी असलेल्या माणसास बाहेरची बाधा झाली असें म्हणून बांधून ठेवणें हें घोर पाप आहे. तामिळनाडूंत एरवाडी येथें दर्ग्याच्या आश्रयानें बरे होतील या आशेनें आणलेले मनोरुग्ण साखळ्यांनीं जखडलेले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तेथें आग लागली आणि २८ जण मेले. पळावयास त्यांचे पाय मोकळे नव्हते. भूत काढण्याच्या मिषानें कोणास साखळीनें बांधणें वा मारणें हा आपल्या महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे. आणि समाजाच्या रूढ धर्मसमजुतींशीं एखाद्याचें जुळत नाहीं, एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरवूं नये, असें २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. दोन्ही कायदे एकत्र वाचावे.

मग ओळखावें कसें? माणूस जेवतो काय, झोंपतो काय, आपलें काम करतो काय, स्वतःस वा दुसऱ्यास अपाय करावयास धजतो काय, हें आधीं पाहावें. एखाद्यास रात्रंदिवस विहिरींत उडी घे असें सांगणारा आवाज ऐकूं येत असेल, तर तो कोणत्याहि दैवताच्या नांवानें येवो, त्या माणसास डॉक्टरकडे न्यावें. प्रार्थना अवश्य करावी, पण वाटेनें जातां जातां.

केंदूरच्या आजीबाईंनीं जागरणाच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे उठून अंगण झाडलें, शेळीची धार काढली आणि नातवाचा डबा भरला, असें आम्हांस मागाहून कळलें. नक्कल करणारा विद्यार्थी नुकताच त्या नातवाबरोबर त्यांच्या घरीं जाऊन आला. तेथें काय बोलणें झालें तें त्यानें सांगितलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं. आजीबाईंनीं त्याच्या हातीं वर्गासाठीं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी धाडली होती, ती मात्र पोंचली.