पोच आणि होकार

‘तुमचें पत्र पोंचलें’ आणि ‘तुमचें म्हणणें पटलें’ या दोन वाक्यांतील भेद शाळेंतील मुलासही कळतो. परंतु अलीकडे सुशिक्षितांच्याच व्यवहारांत तो बुजत चालला आहे, आणि संगणकवाल्यांचा ‘ॲक’ हा शब्द त्या गोंधळाचा निशाणवाला होऊन बसला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शब्द मूळचा निर्मळ आहे. १९६७ सालच्या ‘आस्की’ संकेतावलींत ६ हा अंक ‘ॲक’ला, म्हणजे पोचेला, आणि २१ हा ‘नॅक’ला, म्हणजे ‘नीट मिळालें नाहीं’ या निरोपाला दिलेला आहे. सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘टीसीपी’च्या नियमांत तर बजावलेंच आहे कीं, पोच आली म्हणजे मजकूर इच्छित स्थळीं पडला अशी हमी नव्हे; पलीकडील यंत्रणेनें तो पोंचविण्याची जबाबदारी घेतली, एवढाच तिचा अर्थ. यंत्र आपल्या पोचेबद्दल इतकें प्रामाणिक!

पुढें माणसांनीं हा शब्द उचलला आणि त्याचा अर्थ पालटला. ‘लिनक्स’ रचणाऱ्या मंडळींत ‘ॲक’ म्हणजे संमति व ‘नॅक’ म्हणजे विरोध. त्यांनीं तो अर्थ आपसांत ठरवून घेतला आहे, म्हणून त्यांस दोष नाहीं. आमच्या कचेऱ्यांत व घरांत असा ठराव कोठें झाला आहे? तेथें पाठविणारा ‘वाचलें’ म्हणतो, घेणारा ‘करतों’ असें समजतो, आणि काम राहून गेल्यावर दोघेही निर्दोष! व्हॉट्सॲपनें नोव्हेंबर २०१४ मध्यें आणलेल्या निळ्या खुणांनीं तर तेवढ्या एका शब्दाचीही गरज उरूं दिली नाहीं. आईचा निरोप उघडला कीं खूण निळी होते, आणि उत्तराचें ऋण तेवढ्यानेंच फिटलें असें चिरंजीव मानतात.

संक्षेप हवा, असें यावर कोणी म्हणेल. हवाच; पण संक्षेप म्हणजे संदिग्धता नव्हे. विमानांच्या बिनतारी भाषेंत ‘रॉजर’ म्हणजे ऐकलें, आणि ‘विल्को’ म्हणजे समजलें व तसें करतों. दोन्ही शब्द सारखेच आंखूड, पण एकाचें काम दुसऱ्यावर ढकललेलें नाहीं. उतरण्याची परवानगी तर वैमानिकास उलट म्हणून दाखवावी लागते. जेथें चुकीची किंमत प्राणांनीं द्यावयाची, तेथें नुसती पोच पुरत नाहीं.

‘पोच’, ‘समजलें’, ‘मान्य’, ‘करतों’ हे चार शब्द घरचे असतां ते एका ‘ॲक’मध्यें कोंबण्याचें कारण काय? आमचा विरोध परकी शब्दास नाहीं. त्याच्या आडून होणाऱ्या टाळाटाळीस आहे. पोच द्यावयाची असेल तेथें पोच द्यावी. उत्तर देणें लागत असेल तेथें तें उत्तरानेंच फेडावें.