आळ खाऱ्या हवेवर!



आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर एखादे यंत्र अडू लागले की पहिला आळ येतो तो खाऱ्या हवेवर. सायकलच्या साखळीच्या बाबतीत तो बहुधा खराही असतो. पण लॅपटॉपवर जाडजूड पुस्तकाची पीडीएफ उघडली, वीसेक पाने सरकवली आणि पडदा थिजला, तर? घरात लगेच निकाल लागतो, "खाऱ्या हवेने गेला, आता नवा घ्या!" माझ्या मते हा निकाल पुराव्याशिवाय दिलेला आहे, आणि त्याची किंमत काही हजार रुपये असते.

समजा, तुम्ही १८८३ सालचा कुलाबा व जंजिरा यांवरचा गॅझेटियरचा खंड उघडला आहे. (आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते.) असे जुने पुस्तक संगणकावर येते ते पानापानाचे छायाचित्र होऊन. आता थोडे गणित करू. ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने टिपले, तर त्यात सुमारे ८७ लाख ठिपके येतात. रंगीत चित्रातील प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात. म्हणजे एका पानाला २ कोटी ६१ लाख बाइट! फाइलमध्ये हे चित्र दाबून, घडी घालून ठेवलेले असते. पडद्यावर दाखवण्यासाठी मात्र घडी उलगडावी लागते. तोच मजकूर अक्षरे म्हणून साठवला असता, तर पानाला काही हजार बाइट पुरले असते.

तुम्ही भराभर पाने सरकवता तेव्हा अशी अनेक चित्रे एकदम उलगडू लागतात. स्मृती, म्हणजे रॅम, भरली की संगणक उरलेले सामान चकतीवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. फिरत्या चकतीवरून एखादी गोष्ट शोधून आणायला रॅमच्या जवळजवळ लाखपट वेळ लागतो. पडदा थिजतो तो बहुधा या येरझाऱ्यांत.

मग करायचे काय? आधी तपास, आणि तोही एका वेळी एकच गोष्ट बदलून. त्याच प्रोग्राममध्ये एखादी हलकी, अक्षरांची फाइल उघडा. ती सुरळीत चालली तर प्रोग्राम बहुधा निर्दोष. मग तीच जड फाइल ब्राउझरमध्ये उघडून पाहा. दर वेळी नेमक्या एकाच पानावर अडत असेल, तर फाइल अर्धवट उतरली असेल. ती पुन्हा उतरवून घ्या. गंजलेले यंत्र पान पाहून अडत नाही! सगळ्याच फाइली अडत असतील, तर प्रोग्रामची नवी आवृत्ती घाला. दुपारीच अडत असेल, तर पंख्याची जाळी पाहा. फार तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो.

जड फाइल पेनड्राइव्हवरून न वाचता लॅपटॉपवर उतरवा, एका वेळी एकच पान दिसेल असे ठेवा, बाजूची छोट्या चित्रांची पट्टी मिटवा आणि ब्राउझरची इतर दालने बंद करा. एवढ्याने पुष्कळदा काम भागते.

असा तपास आपल्या किनाऱ्याला नवा नाही. मुंबईच्या कुलाब्याला (अलिबागच्या नव्हे!) पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी चालू ठेवून त्यांची तुलना केली. ट्राम धावू लागली ती १९०७ मध्ये. तुम्हाला दोन वर्षे नकोत, अर्धा तास पुरेल.

एक तक्रार मात्र मोठ्यांकडेही आहे. विद्यार्थ्यांसाठी पुस्तके टिपून ठेवणाऱ्यांनी काळी अक्षरे रंगीत चित्रे म्हणून का टिपावीत? करड्या छटांत तेच पान एक तृतीयांश होते आणि अक्षरे तितकीच स्पष्ट वाचता येतात. प्रकरणवार तुकडे केले, तर चार वर्षे जुन्या लॅपटॉपवरही मुरुडच्या मुलाला जंजिऱ्याचे प्रकरण न अडखळता उघडता येईल.